दोन तासांचा फोन आणि एक तारा

माझ्या दादाच्या मुलाने, सोनूने, नव्या फोनला एकच तारा दिला. काल रात्री त्याने स्वतःच तो अभिप्राय मला दाखवला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. खोके उघडून पुरते दोन तासही झाले नव्हते, आणि खाली लिहिले होते: ‘तापतो, बॅटरी टिकत नाही, जागा कमी, कॅमेऱ्याच्या नावाखाली धडधडीत फसवणूक.’

तो तारा मलाच दिल्यासारखा वाटला. कपाटाचे काम पुढे ढकलून मी त्यात निम्मे पैसे घातले, ‘एवढा महागडा कशाला?’ हे दादाचे बोलणे ऐकून घेतले, गणपतीच्या आत फोन घरी यावा म्हणून इथल्या, इंदूरच्या, जेल रोडच्या दुकानात आधीच नाव नोंदवून ठेवले, आणि पदरात काय पडले? वहिनींबद्दल मी काही लिहीत नाही.

झोप लागेना, म्हणून त्याची एकेक तक्रार घेऊन बसले. नवा फोन सुरुवातीचे काही दिवस जुने फोटो उतरवून घेत असतो, ॲप अद्ययावत करत असतो, फोटोंतले चेहरे ओळखून त्यांची वर्गवारी लावत असतो. तो तापणार आणि बॅटरीही भराभर उतरणार. जागेचे म्हणावे तर कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि पुष्कळ संगणक 1,024 च्या पटीत, त्यामुळे तिथे एवढ्यानेच 128 जीबीचे 119 दिसतात, आणि फोन चालवणारी प्रणाली आपली जागा घेते ती वेगळीच. कॅमेऱ्याचे मात्र त्याला खरोखर लागले होते. 200 मेगापिक्सेलचा म्हणून घेतलेला फोन 12 मेगापिक्सेलचे फोटो काढतो, हे त्याने फोटोच्या माहितीतल्या आकड्यावर बोट ठेवून मला दाखवले. शेजारशेजारचे 16 पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक केला जातो, त्यामुळे कमी उजेडात फोटोवर येणारे दाणेदार ठिपके कमी होतात. पूर्ण 200 हवे असतील तर सेटिंग बदलावे लागते. हे मी त्याला सांगितले, तर म्हणाला, “मग आत्या, जाहिरातीत तसं का नाही लिहीत?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

मग तो तारा मला इतका का लागावा? उन्हाळ्यापासून सोनू या फोनचे लीक झालेले फोटो पाहत होता, कुणी कुणी रंगवलेली कल्पनाचित्रे साठवत होता, जेवतानाही तोच विषय काढत होता. बाजारात येण्याआधीच त्याच्या मनात जो फोन तयार झाला होता, तो कोणत्याही कारखान्यातून निघणे शक्य नव्हते. तारा देताना त्याने त्या फोनशी तुलना केली. माझे पैसे आणि माझे कपाट त्याच्या हिशेबात कुठे नव्हतेच. हे लक्षात आले तेव्हा जरा हलके वाटले. थोडे वाईटही वाटले, पण ते राहू दे.

शिवाय तक्रार करणारे चुकतातच असे नाही. 2007 साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यात मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोय नव्हती. लोक बोलत राहिले आणि 2009 मध्ये ती आली. पहिल्याच वर्षी सप्टेंबरात, विक्री सुरू होऊन अडीच महिनेही झाले नसताना, 8 जीबीच्या त्या फोनची किंमत 599 डॉलरवरून 399 वर आणली गेली, आधी घेणारे भडकले, आणि आयफोन बनवणाऱ्या ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांना जाहीर पत्र लिहून त्यांना 100 डॉलरची भरपाई पुढच्या खरेदीसाठी द्यावी लागली. अशी तक्रार मला मान्य आहे. दोन तासांत बॅटरीचा निकाल लावणे मान्य नाही. निदान पंधरवडा वापरल्याशिवाय ती कशी आहे ते कळत नाही, आणि असले तारे पाहून दुसरे कुणी आपली खरेदी ठरवत असते.

आज सकाळी आरतीनंतर मी त्याला म्हटले, जाहिरातीबद्दलची तक्रार ठेव, बाकीचे थोडे थांबून लिही. त्याने वाद घातला नाही. अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झाँक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे रोषणाईचे फिरते देखावे, निघतील, तेव्हा दोन्ही सेटिंगवर फोटो काढून बघतो आणि मग ताऱ्यांचे ठरवतो, म्हणाला. “तूही चल आत्या, आणि तुझा जुना फोन घेऊन ये, तुलना करायला लागेल.”