गेंदाचं नाव शोधताना

ऑगस्टात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर पाणी साचलेल्या खळग्यात बसून मी गेंद उपटत होते. म्हशी घेऊन आलेल्या आजी थांबल्या. "काय गं पोरी, काय हरवलंय?"

"ह्याचं नाव शोधतेय, आजी."

"गेंद हाय त्यो. आनि कसलं नाव?"

त्यांचं काम एका शब्दात झालं. माझं सव्वा वर्ष चाललं.

गेंद म्हणजे शास्त्रीय भाषेत एरिओकॉलॉन, पुष्कळ जातींचं एक कुळकट. दांड्यावर पांढरी गुंडी आणि त्या गुंडीत दाटीनं बसलेली जेमतेम दोन मिलिमीटरची फुलं. बाहेरून सगळ्या जाती भाऊ-भाऊ. गुंडी गरम पाण्यात भिजवायची, सुईनं फुलं सुटी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदलाला, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलाला, पंख आहेत का, परागकोश काळे की पांढरे, बियांवर नक्षी कशी, हे बघायचं. पहिली खेप तर बुरशीनंच खाल्ली. साताऱ्याच्या पावसात नमुने वाळवायला दाबून ठेवतात ते कागद रोज बदलावे लागतात, आणि मी दोन दिवस कंटाळा केला होता.

कुकच्या फ्लोऱ्यावरून, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या जुन्या ग्रंथावरून, एक नाव आलं. फायसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१९ ते १९२२ मध्ये भारतातल्या एरिओकॉलॉनवर लिहिलं, त्यावरून दुसरंच. मनात म्हटलं, नवी जात सापडली. सर म्हणाले, "आधी टाइप बघ, मग कंदी पेढे वाट."

टाइप म्हणजे ज्या नमुन्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं तो. तो उत्तम असायलाच हवा असं नाही. नवं नाव देताना टाइप सांगणं सक्तीचं झालं ते १ जानेवारी १९५८ पासून. मला मिळालेल्या दोन नावांपैकी जुनं हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलेलं, १८९३ चं. त्यानं टाइप सांगितलेलाच नव्हता. अशा वेळी मूळ साहित्यातून एक नमुना निवडायचा, तो लेक्टोटाइप.

पुण्यात कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, तीन दिवस बसले. नमुना चिकटवलेल्या एकाच कागदावर, म्हणजे शीटवर, तीन अभ्यासकांच्या तीन चिठ्ठ्या, तीन वेगळी नावं. सगळ्यात जुनी टाकानं लिहिलेली. मला तिचाच भरवसा वाटला, उगाचच.

हूकरचं साहित्य मात्र लंडनमधल्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममध्ये. शीटचा फोटो ऑनलाइन मिळाला. छापील लेबलावर ठिकाण काय, तर 'मलबार, कोकण वगैरे', गोळा करणारे 'स्टॉक्स, लॉ वगैरे'. त्या 'वगैरे'त आमचा सगळा घाट गेला! फोटोत गुंडी उघडून बघता येत नाही आणि टाइपची फुलं फोडायला कुणी देत नाही. पण शीटच्या कोपऱ्यात कागदाची पुडी चिकटवलेली असते, गळून पडलेले तुकडे त्यात जपतात. त्यांतल्या फुलांचे फोटो मिळतील का, म्हणून ईमेल केली. शिवाय शीटवरच्या तिन्ही रोपांच्या गुंड्यांचे जवळून फोटो मागितले. तीन आठवड्यांनी आले.

त्या तीन रोपांपैकी दोघांचे परागकोश काळे होते, तिसऱ्याचे पांढरे. म्हणजे एकाच कागदावर दोन जाती, आणि कदाचित याच घोळामुळे पुढे नावं दोन झाली. मूळ वर्णनाशी काळ्या परागकोशांची रोपं जुळत होती. त्यांतलं एक आम्ही लेक्टोटाइप म्हणून सुचवलं. दुसऱ्या नावाचा टाइपही त्याच जातीचा निघाला, म्हणून ते नंतरचं नाव समानार्थी ठरलं, जुनं टिकलं.

माझा चाळकेवाडीचा गेंदही तोच. पेढे राहिले. नाव इथं लिहीत नाही, लेख अजून परीक्षकांकडे आहे.

सध्या मी त्या पांढऱ्या परागकोशांच्या तिसऱ्या रोपाच्या मागे लागलेय.