तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हे सगळं सेटिंगच असतं ना?’

शिमग्याला चाकरमानी गावात उतरले, पालखी नाचून झाली आणि अंगणात गप्पा रंगल्या की हा प्रश्न हमखास येतो. ऑस्कर नुकतंच उरकलेलं असतं, नाहीतर आठवड्यावर आलेलं असतं. ‘‘तुम्ही एवढे सिनेमे बघता, खरं सांगा, हे सगळं सेटिंगच असतं ना?’’ त्याच्या शेपटाला दुसरा प्रश्न : ‘‘मग आपला सिनेमा तिकडे का जिंकत नाही?’’

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं की समोरचा गालात हसतो, म्हणून जरा सविस्तर. निकाल आधी कुणी ठरवत नाही. मात्र मत कोण देतं, त्याने सिनेमा बघितलाय का आणि मतं मोजतात कशी, एवढं कळलं की निम्मे निकाल आपल्यालाही ओसरीवर बसून सांगता येतात. त्याला सेटिंग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आधी मोजणी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार सभासद दहा हजारांच्या आसपास आहेत. अभिनय, दिग्दर्शन, संगीत वगैरे विभागांत अंतिम फेरीत साधा हिशोब असतो : ज्याला जास्त मतं, तो विजेता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मात्र वेगळं आहे. २००९ सालच्या सिनेमांपासून तिथे पसंतीक्रमाने मतदान होतं. मतदार नामांकन मिळालेल्या दहा सिनेमांना एक ते दहा असे क्रमांक देतो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर तळाचा सिनेमा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या सिनेमाकडे जातात. कुणीतरी निम्मा आकडा ओलांडेपर्यंत हेच चालू राहतं.

आपल्या भाषेत करून बघू. गावातल्या शंभर जणांना विचारलं, सगळ्यात चांगला मासा कोणता? सुरमईला ३८, पापलेटला २६, बांगड्याला २४ आणि तारलीला १२ मतं पडली. साध्या मोजणीत सुरमई जिंकली, विषय संपला. आता पसंतीक्रम लावा. तारली बाद. तारली आवडीने खाणाऱ्या बारांपैकी अकरा जणांची दुसरी पसंती बांगडा आहे, एकाची सुरमई. आता सुरमई ३९, बांगडा ३५, पापलेट २६. पापलेट बाद. पापलेटवाल्यांचं सुरमईवाल्यांशी आधीपासूनच वाकडं, त्यामुळे त्यांच्यातले १७ बांगड्याकडे वळले आणि ९ सुरमईकडे. सुरमई ४८, बांगडा ५२. तिसऱ्या नंबरावरचा बांगडा जिंकला आणि यात कुणी कुणाला फोनसुद्धा केलेला नाही.

म्हणजे या विभागात काही लोकांना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा वाटणारा सिनेमा पडतो. बहुतेकांच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असलेला सिनेमा वर येतो. मतांचे आकडे अकादमी कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे आतली मोजणी कुणाला दिसत नाही. पण २०२२ चा निकाल या पद्धतीशिवाय समजून घेणं अवघड आहे. ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकनं होती, ‘कोडा’ला फक्त तीन. ‘कोडा’ला दिग्दर्शनाचं तर नामांकनही नव्हतं. शेवटी ‘द पॉवर ऑफ द डॉग’च्या हाती दिग्दर्शनाचा एकच पुरस्कार लागला आणि ‘कोडा’ने तिन्ही नेले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट आला. पहिला सिनेमा मोठा आहे, पण थंड आहे, काहींना तो आवडतच नाही. दुसऱ्यावर रागावणारा माणूस शोधून सापडायचा नाही. सिनेमा म्हणून विचाराल तर मी पहिल्याच्या बाजूने. पैज लावायची असती तर दुसऱ्यावर लावली असती.

आता मत देणारे. नामांकनं ज्याची त्याची शाखा ठरवते : नट नटांना, संकलक संकलकांना, छायाचित्रकार छायाचित्रकारांना निवडतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनासाठी मात्र सगळेच मत देतात. अंतिम फेरीत सगळ्यांना सगळ्या विभागांत मत देता येतं आणि घोळ इथेच व्हायचा. ध्वनीतलं काही न कळणारा नट ध्वनीला मत द्यायचा आणि जो सिनेमा त्याने बघितला होता त्यालाच द्यायचा. २०२६ च्या सोहळ्यापासून नियम आला की ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित सिनेमे बघितलेले असले पाहिजेत. तोवर अंतिम फेरीत बहुतेक विभागांत अशी सक्ती नव्हती! एवढं ऐकलं की सेटिंगवाले गप्प होतात, कारण कारस्थानापेक्षा आळस जास्त पटतो.

पैसा लागतो तो इथे. दहा हजार माणसांनी तुमचा सिनेमा बघावा म्हणून खास खेळ, नटांच्या मुलाखती, जाहिराती आणि प्रसिद्धीची फौज उभी करायची. मत विकत मिळत नाही, पण मतदाराची संध्याकाळ मिळवायला खर्च येतो.

मोसमातल्या बाकीच्या पुरस्कारांकडे बघतानाही ‘मत देणारे कोण’ हाच प्रश्न विचारावा. गोल्डन ग्लोब पत्रकार देतात, त्यांचा ऑस्करच्या मतदारांशी संबंध नाही. गाजावाजा किती झालाय एवढंच तिथून कळतं. निर्माते, दिग्दर्शक आणि नट यांच्या संघटनांचे पुरस्कार जास्त बोलके, कारण त्यांचे बरेच सभासद अकादमीतही आहेत. निर्मात्यांच्या संघटनेत तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाला पसंतीक्रमाचीच मोजणी आहे. तरी हे काही पंचांग नाही. २०१९ च्या सिनेमांत ‘१९१७’ने निर्माते आणि दिग्दर्शक दोघांचेही पुरस्कार घेतले होते आणि ऑस्कर ‘पॅरासाइट’ला गेलं. इशारा होता तो नटांच्या संघटनेच्या पुरस्कारात. तिथे सर्वोत्कृष्ट नटसंचाचा मान ‘पॅरासाइट’ला मिळाला होता आणि अकादमीत सगळ्यात मोठी शाखा नटांचीच आहे.

टीव्हीवर चार तास नाचगाणी दाखवणाऱ्या आपल्याकडच्या सोहळ्यांबद्दलही विचारतात. हजर राहणाऱ्याला काहीतरी मिळतंच, यावरून काय ते समजा.

आता दुसरा प्रश्न, आपला सिनेमा. ‘भारताने पाठवलेला सिनेमा’ आणि ‘ऑस्करमधला भारतीय सिनेमा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देशाला एकच सिनेमा पाठवता येतो. आपल्याकडून तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. सिनेमा ४० मिनिटांपेक्षा मोठा हवा, निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीखेरीज भाषेत हवेत, अमेरिकेबाहेर थिएटरात सलग किमान सात दिवस चाललेला हवा. ऐंशी-नव्वद देशांचे सिनेमे येतात, डिसेंबरात पंधरांची यादी लागते, जानेवारीत त्यातले पाच उरतात. या पाचांत आपण आजवर तीनदाच पोचलो : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’.

अडतं कुठे? तर वेळेत. आपली निवड साधारण सप्टेंबरच्या शेवटाला होते. तिथून पंधरांच्या यादीपर्यंत जेमतेम अडीच महिने. एवढ्यात अमेरिकेतला वितरक शोधायचा, प्रसिद्धीवाला नेमायचा, खेळ लावायचे आणि पैसा उभा करायचा. ‘श्वास’च्या वेळी, २००४ मध्ये, त्यासाठी लोकांकडून निधी गोळा करावा लागला होता. त्याच वेळी युरोपातले सिनेमे मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात, सप्टेंबरात इटलीतल्या व्हेनिस महोत्सवात गाजून, वितरक घेऊन उभे असतात. परीक्षेला आपण उशिरा पोचतो आणि पेपर अवघड होता म्हणून घरी येतो.

म्हणूनच २०२४ चा निर्णय मला अजून पटत नाही. ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला कानचा ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला होता. अमेरिकेत वितरक होता, समीक्षकांत नाव होतं. शिवाय त्याची उत्तरार्धातली गोष्ट मुंबई सोडून आपल्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर येते, हा आपला जादाचा जिव्हाळा. समितीने पाठवला ‘लापता लेडीज’. तो गोड सिनेमा आहे, त्याबद्दल वाद नाही, पण पंधरांतही आला नाही. छाया कदम दोन्ही सिनेमांत आहेत आणि दोन्हीकडे भाव खाऊन जातात, त्यामुळे त्यांच्या चाहत्यांनी कुणाची बाजू घ्यायची हा पेच होताच. आणि देशाने पाठवलं नाही म्हणून दार पूर्ण बंद होत नाही. २०२२ मध्ये आपण ‘छेल्लो शो’ पाठवला, तो पंधरांत पोचला. न पाठवलेला ‘आरआरआर’ अमेरिकेत रीतसर प्रदर्शित झालेला होता, म्हणून इतर विभागांत पात्र ठरला आणि ‘नाटू नाटू’ गाण्याचं ऑस्कर घेऊन आला.

राष्ट्रीय पुरस्कारांचं गणित याच्या उलट आहे. तिथे परीक्षक मोजके, आधी प्रादेशिक मंडळं आणि मग केंद्रीय मंडळ. दिलेले सिनेमे एकत्र बसून बघायचे आणि वाद घालायचा. गाजावाजाला तिथे फारशी किंमत नाही, एखाद्या परीक्षकाने चांगली बाजू मांडली तर छोटा सिनेमाही वर येतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पाच मराठी सिनेमांना मिळालाय : १९५३ चा ‘श्यामची आई’, मग थेट पन्नास वर्षांनी ‘श्वास’, पुढे ‘देऊळ’ (विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. यातले तीन कोकणचे म्हणावेत असे. श्याम दापोलीजवळच्या पालगडचा, ‘श्वास’मधले आजोबा नातवाला घेऊन कोकणातल्या खेड्यातून पुण्याला जातात आणि ‘कासव’ तर किनाऱ्यावरच घडतो. मात्र इथे निकाल फार उशिरा लागतात. २०२३ चे पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले. तोवर सिनेमा थिएटरातून केव्हाच उतरलेला असतो, पुरस्काराचा त्याला प्रेक्षक मिळवून द्यायला उपयोग होत नाही. इथे बदल हवा असं कुणी म्हणालं तर माझी सही घ्या.

बघायचं कसं, हेही विचारता. नामांकनं जानेवारीत आपल्या संध्याकाळी सातच्या सुमारास जाहीर होतात आणि सोहळ्याला साधारण सात आठवडे उरतात. दहा मुख्य सिनेमे सरासरी सव्वादोन तासांचे धरले तर साडेबावीस तास, म्हणजे आठवड्याला दोन सिनेमे सहज बसतात. परभाषी सिनेमा आपल्याकडच्या थिएटरात क्वचितच लागतो, बहुतेक ओटीटीवरच गाठायचे. सबटायटल इंग्रजीच असतात, तेव्हा मोबाइलवर बघू नका : खालची ओळ वाचेपर्यंत वरचं चित्र निघून जातं. नेटवर्कचा भरवसा नसेल तर रात्री डाउनलोड करून ठेवा. ज्यांना हे सिनेमे मोठ्या पडद्यावर हवेत, त्यांनी नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पणजी गाठावी. सावंतवाडीहून रस्त्याने दीड-दोन तास, रेल्वेने आलात तर करमळीला उतरा. प्रतिनिधी नोंदणी आधी करावी लागते आणि गाजलेल्या सिनेमाच्या जागा बुकिंग उघडल्यावर बघता बघता जातात. त्यामुळे कानचा विजेता मिळाला नाही तर रुसून न बसता इंडियन पॅनोरमातला, म्हणजे तिथल्या भारतीय सिनेमांच्या विभागातला, एखादा अनोळखी सिनेमा घ्या.

सोहळा सोमवारी पहाटे साडेचारला सुरू होतो, सर्वोत्कृष्ट चित्रपट आठच्या आसपास. झोप प्यारी असेल तर सातला उठा, दिग्दर्शन आणि मुख्य अभिनयाचे पुरस्कार शेवटीच असतात. आणि पैज लावायचीच असेल तर जानेवारीत लावू नका, निर्माते आणि नटांच्या संघटनांचे निकाल येऊ द्या. लघुपटांवर तर लावूच नका, तिथे भलेभले हरतात.