हाउसिंग खोलण्याआधी जॉइंटचे फेरे मोजा

ट्रकच्या मागून घुमणारा आवाज आला की गॅरेजमध्ये पहिला निकाल ठरलेला असतो: क्राऊन-पिनियन गेली, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधली (पेटीतली) मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी. कधी ती खरंच गेलेली असते. पण चाकाचं बेअरिंग, जॉइंटला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याला, मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं फाटलेलं रबर, त्याच जॉइंटच्या सांध्यातला क्रॉस, खाचाखाचांनी झिजलेला टायर, हे सगळेही असाच आवाज काढतात. नवी जोडी बसवून आवाज तसाच राहिला, तर मालकाचे पैसे जातात आणि धडधाकट जुनी जोडी भंगारात जाते.

टायर आधी निकालात काढा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सिमेंटवर आवाज वाढला आणि डांबरावर आल्यावर उतरला, तर तो टायरचा. हाउसिंगला रस्ता कशाचा आहे ते कळत नाही. मग गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, इंजिन तेवढ्याच आरपीएमवर न्या. तरी आवाज आला तर शोध पुढच्या बाजूला घ्यायचा.

आता गाडी ४०-५०च्या वेगात चालवा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर घूंऽऽ आणि पाय काढला की गप्प, असं असेल तर दातांच्या ओढीच्या बाजूचा संपर्क बिघडलाय. उलट, पाय काढल्यावर, उतारावर गिअरमध्ये असताना आवाज येत असेल तर संशय टेल पिनियनवर, म्हणजे त्या जोडीतल्या लहान चाकावर. तिचा नट सैल असतो किंवा बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण) गेलेला असतो, आणि ओढ सुटली की पिनियन पुढे-मागे सरकते. दोन्ही वेळी सारखाच, फक्त वेगाबरोबर वाढणारा खरखराट म्हणजे बेअरिंग. फक्त वळणावर आवाज आला तर स्टार-सन गिअर (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे) किंवा त्यांचे वॉशर. गाडी जागेवरून निघताना एकच 'ठक्' बसला तर क्रॉस, जॉइंटची स्प्लाइन (खाचांचा सरकता जोड), फ्लँजचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट आधी बघा. नुसता यू-बोल्ट सैल असल्यामुळे हाउसिंग उघडलं जाणं हे काही नवल नाही.

थोडा हिशेब केला तर कान लवकर तयार होतो. ४१ दातांची क्राऊन आणि ६ दातांची पिनियन असेल तर रेशो ६.८३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला जॉइंटचे ६.८३ फेरे. १०.००-२०चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेतीन फेरे घेतं, जॉइंट जवळपास २४, आणि दात भिडतात साधारण १४० वेळा. म्हणून दातांचा आवाज सुरासारखा ऐकू येतो, तर वाकडा किंवा असंतुलित जॉइंट सीटमधून थरथर म्हणून जाणवतो. जॉइंट नुकताच काढून बसवला असेल तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत का बघा. स्प्लाइनवर बाण जुळवलेले नसले की अशी थरथर हमखास येते.

ठोका नियमित येत असेल तर तो मोजता येतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागची सगळी चाकं उचला, हाउसिंग स्टँडवर टेकवा; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटलेला. जॉइंटवर खडूने एक रेघ मारा आणि तो हाताने सावकाश फिरवा. ठोका किंवा अटक प्रत्येक फेऱ्याला आली तर दोष पिनियनचा किंवा क्रॉसचा. सुमारे सात फेऱ्यांनी एकदा आली तर क्राऊनचा: एखादा दात उडालाय किंवा क्राऊन डगमगतेय. या पाच मिनिटांच्या कामासाठी एकही बोल्ट सोडावा लागत नाही, तरी ते सहसा कोणी करत नाही.

मग तेल. गाडी सपाट जागी उभी करून फिलर बोल्ट काढा. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. बोट घालून ते 'लागतंय' एवढं पुरत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट असणं नेहमीचंच आहे. चपटे चकचकीत पापुद्रे म्हणजे बेअरिंगची पट्टी उडतेय, टोकदार तुकडे म्हणजे दात. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीत हे सापडतं. ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा. तो बुजला की आत दाब वाढतो, तेल हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सीलमधून ब्रेक लायनरवर येतं आणि हाउसिंग कोरडं पडत जातं. हायपॉइड गिअरला (पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून बाजूला बसते अशा जोडीला) जीएल-५ दर्जाचं तेलच लागतं. ते किती घट्ट हवं, ईपी ९० की ८५डब्ल्यू-१४०, ते कंपनीच्या पुस्तकात बघा. जुनी गाडी विकत घेताना तेल बाहेर काढूनच बघा, कारण आवाज दाबायला आत लाकडाचा भुसा टाकायची युक्ती अजून मेलेली नाही.

हबसाठी उचललेलं चाक वर-खाली हलवून बघा. टेपर बेअरिंगचा खेळ (मोकळी हालचाल) डायल गेजवर साधारण ०.०२५ ते ०.१२५ मि.मी. असावा. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, नाहीतर रोलर नीट बसत नाहीत आणि मोजलेला खेळ खोटा निघतो.

इतकं करूनही बोट हाउसिंगकडेच वळलं, तर खोला. तेल काढा, दोन्ही ॲक्सल शाफ्ट बाहेर घ्या, जॉइंट सोडा. वरचे दोन बोल्ट शेवटपर्यंत ठेवा आणि खाली ट्रान्समिशन जॅक लावूनच ते काढा. क्राऊन-पिनियनचा हा गोळा हाताने पेलणारा नाही. बाहेर आल्यावर काही सोडण्याआधी जुना बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजा, आणि बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवी पंच मारा. कॅप जागेवरच घासून तयार केलेल्या असतात, अदलाबदल केली की भोक गोल राहत नाही.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासलेल्या असतात, दोन्हींवर जुळणारा नंबर असतो. एक जुनी, एक नवी बसवली की आवाज विकत घेतला म्हणा. पिनियनच्या प्रीलोडसाठी तिचं बेअरिंग ज्यात बसतं त्या केजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढा. केज सुटताना लागतो तो झटका धरू नका, ती फिरत असतानाचा आकडा घ्या. १० सेंमी त्रिज्येवर दीड किलोची ओढ म्हणजे १५ किलो-सेंमी. पुस्तकातल्या मर्यादेबाहेर असेल तर स्पेसर (बेअरिंगांमधली रिंग) बदला, नट जास्त आवळून भागवू नका.

बॅकलॅश अनेक ट्रकांत ०.२० ते ०.४० मि.मी.च्या आसपास असतो, पण नेमका आकडा त्या ॲक्सलचाच घ्या. क्राऊनच्या चार ठिकाणी मोजा. फरक जास्त आला तर क्राऊन डगमगतेय. बहुतेकदा बसवताना फ्लँजवर कचरा राहिलेला असतो. मग सात-आठ दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राऊनला लाकडाने अडवून पिनियन फिरवा. ठसा आतल्या टोकाला गेला तर क्राऊन पिनियनपासून दूर न्या, बाहेरच्या टोकाला गेला तर जवळ आणा. क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगला खाचांचे नट, म्हणजे ॲडजस्टर, असतात: एक ॲडजस्टर जितक्या खाचा सैल, दुसरा तितक्याच खाचा घट्ट, म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड हलत नाही. ठसा दाताच्या बुडाशी उतरला तर पिनियन खोल गेलीय, शेंड्यावर चढला तर बाहेर राहिलीय. दोन्हीचं उत्तर पिनियनची शिम (जाडी जुळवणारा पातळ पत्रा). बॅकलॅश बरोबर आला म्हणून ठसा न बघता बंद केलेलं हाउसिंगच पुन्हा आवाज करत येतं.

ज्या हाउसिंगला थ्रस्ट स्क्रू (क्राऊनला पाठीमागून आधार देणारा) आहे तिथे तो क्राऊनच्या पाठीला टेकेपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे घ्या, मग चेकनट लावा. टेकलेला ठेवला तर लोड चढल्यावर घासल्याचा नवाच आवाज सुरू होतो, आणि दोष नव्या क्राऊनला मिळतो.