उलटं लागलं तर काय जळेल?

मागच्या आठवड्यात एक डिस्प्ले जाळला. तोच आपला ०.९६ इंची ओएलईडी, एसएसडी१३०६ चिपवाला, चार पिनांचा, सगळ्यांकडे असतो तो. जुन्याच्या काचेला तडा गेला म्हणून नवीन मागवला, दिसायला अगदी जुळा भाऊ, पर्फबोर्डवर (भोकंभोकं असलेली सर्किटची पाटी) चार पिनांचं फिमेल हेडर, म्हणजे पिना खोचायची पट्टी, आधीच सोल्डर केलेलं होतं, जुना उपसला नवीन खोचला यूएसबी लावली आणि बोटाला चटका बसला तेव्हा कळलं की जुन्यावर पहिली पिन जीएनडी (ग्राउंड, म्हणजे मायनस) आणि दुसरी व्हीसीसी (प्लस) होती, नव्यावर बरोब्बर उलटं. बोर्डावर छापलेलं होतं हो. पण वाचतंय कोण.

ह्या डिस्प्लेचं हे दुखणं जुनंच आहे, दोन्ही क्रमाचे बोर्ड सर्रास मिळतात आणि फोटोवरून पटकन कळत नाही. पण मला राग आला तो स्वतःच्या हेडरचा. सहा पिनांचा सेन्सर एक पिन सरकवून लावा, बसतो. गोल फिरवून लावा, तरी बसतो. कुठे खाच नाही, खटका नाही. तेव्हापासून कुठलाही कनेक्टर घेताना मी आधी एकच विचारते, हा उलटा लागला तर काय जळेल? किती अँपिअर, किती पिच (दोन पिनांमधलं अंतर), हे सगळं त्यानंतर.

२.५४ मिमीच्या पिना वाईट आहेत असं नाही म्हणायचं मला. सोल्डर न करता जोडायच्या ब्रेडबोर्डवर त्याच लागतात, आणि ड्युपॉन्ट जंपरशिवाय, म्हणजे त्या पिनांना लावायच्या सुट्या वायरींशिवाय, आपलं पान हलत नाही. फक्त ते टेबलावरच्या प्रयोगापुरतं. डब्यात बंद करून भिंतीला लावायच्या वस्तूत जंपर ठेवले की दोन महिन्यांनी लूज कॉन्टॅक्ट शोधत बसायचं. ह्याच पिनांच्या सर्व्हो मोटरचं मात्र मला कौतुक वाटतं. तीन वायरी, आणि पॉवर मधल्या पिनेवर, त्यामुळे प्लग उलटा लावला तरी पॉवर जागेवरच राहते, बाजूचे सिग्नल आणि ग्राउंड तेवढे अदलाबदल होतात, मोटर हलत नाही पण सहसा जळतही नाही. खाच नाही, जास्तीचं प्लास्टिक नाही, नुसता पिनांचा क्रम डोकं लावून ठरवलाय.

आता जेएसटी. ‘जेएसटी कनेक्टर दे’ म्हणणं म्हणजे ‘चप्पल दे’ म्हणण्यासारखं आहे, कुठल्या नंबरची? ते कंपनीचं नाव आहे आणि सिरीज ढीगभर. आपल्या कामाच्या मुख्य तीन, एक्सएच २.५ मिमी आणि ३ अँपिअर, पीएच २ मिमी आणि २ अँपिअर, एसएच १ मिमी आणि १ अँपिअर. एक्सएचचा पिच २.५ आहे, २.५४ नाही, हे मी बरेच दिवस धरलंच नव्हतं. चार पिनांपर्यंत पर्फबोर्डच्या भोकात आरामात जातो, फरक जाणवतच नाही. दहा पिनांचा घेतला तर नऊ अंतरांत ०.३६ मिमी फरक जमतो आणि मग शेवटच्या पिना वाकवत बसावं लागतं. तरीपण पर्फबोर्डसाठी माझी पहिली पसंती एक्सएचच, कारण तो हाताला सापडतो आणि उलटा बसत नाही.

उलटा बसत नाही म्हणजे सुरक्षित, असं मात्र समजू नका. छोट्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला बहुधा दोन पिनांचा पीएच असतो, तो बसतो एकाच बाजूनं, पण आत लाल वायर कुठल्या बाजूला हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. खाच जुळते आणि प्लस मायनस उलटे! नवीन बॅटरी आली की आधी मल्टिमीटर, मग बोर्ड. उलटी निघाली तर सुईनं टर्मिनलची बारीक जीभ दाबून वायर बाहेर ओढता येते, पण एका वेळी एकच काढा आणि तिच्यावर लगेच टेप लावा, दोन्ही टोकं एकदम मोकळी ठेवून ठिणगी बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

सेन्सरसाठी हल्ली मी क्विक किंवा स्टेमा क्यूटी सॉकेटवालेच ब्रेकआउट (चिप बसवून तिच्या पिना बाहेर काढलेले छोटे बोर्ड) बघते. नावं दोन, सॉकेट एकच, चार पिनांचा एसएच, क्रम ठरलेला, ग्राउंड, ३.३ व्होल्ट, एसडीए (डेटा), एससीएल (क्लॉक), वायरी काळी लाल निळी पिवळी. सोल्डरिंग शून्य. ग्रोव्ह नावाचा कनेक्टरही चारच पिनांचा पण २ मिमीचा, क्रम वेगळा आणि व्होल्टेज कधी ३.३ कधी ५, म्हणून घरगुती अडॅप्टर केबल बनवताना रंगावर भरवसा ठेवू नका, पिना मोजा. आणि एसएचचा प्लग वायर धरून ओढू नका, चिमट्यानं प्लास्टिक धरून हळूहळू हलवा, नाहीतर सॉकेट पॅडसकट हातात येतो. हे कसं माहीत ते विचारू नका.

एकामागे एक लावत सुटायचा मोह होतो ते एक आहेच. आयटूसीच्या (ह्याच एसडीए-एससीएल दोन तारांवर बोलायची पद्धत) बहुतेक ब्रेकआउटवर स्वतःचे पुल-अप, म्हणजे लाईन वर ओढून धरणारे रेझिस्टर, असतात, समजा ४.७ किलोओहम, असे पाच बोर्ड लावले की समांतर जोडणीत उरले ९४० ओहम. ३.३ व्होल्टवर साधारण ९६७ ओहमच्या खाली जायचं नसतं, कारण चिपनं ३ मिलिअँपिअर ओढून लाईन ०.४ व्होल्टपर्यंत खाली आणायची एवढीच हमी असते. लगेच काही बंद पडतं असं नाही, अधूनमधून रीडिंग गंडतं, आणि ते जास्त वाईट. चांगल्या बोर्डावर पुल-अप तोडायला मागच्या बाजूला जंपर (वायर नव्हे, बोर्डावरचीच कापता येणारी जोडणी) असतो, विकत घ्यायच्या आधी तो शोधा.

ब्रेकआउट स्वस्त की महाग ह्यावर वाद घालायला मला वेळ नाही, मी सर्किट डायग्राम दिलाय का ते बघते. हवेचा सेन्सर बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० गळ्यात मारतात, त्यात आर्द्रता मोजणारा भागच नसतो. भिंगातून बघितलं तर बीएमईचा डबा चौकोनी, २.५ बाय २.५ मिमी, बीएमपी जरा आयताकृती. खात्री करायची तर चिपचा आयडी कोडमधून वाचा, हेक्समध्ये ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर फसलात. यूएसबी-सी च्या छोट्या ब्रेकआउटवर सीसी पिनांना ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत का बघा, नसतील तर ए-टू-सी केबलवर चालेल आणि सी-टू-सी वर मेल्यासारखा पडून राहील, आणि तुम्ही चार्जरला शिव्या द्याल.

क्रिंपिंगचं, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवण्याचं, काय? सुरुवातीला करूच नका. पकडीनं दाबलेले माझे क्रिंप बोटानं ओढले तरी सुटायचे, कारण पुढचे दोन पंख उघड्या तारेसाठी असतात आणि मागचे दोन इन्सुलेशनसाठी हे मला माहीतच नव्हतं, मी चारही इन्सुलेशनवर दाबत होते. तयार क्रिंप केलेल्या वायरी मिळतात, हाउसिंगमध्ये, म्हणजे प्लगच्या प्लास्टिकमध्ये, खिट्टकन बसवायच्या, झालं. स्क्रू टर्मिनलचं एवढंच सांगते, तारेच्या टोकाला सोल्डर चढवून आवळू नका, सोल्डर हळूहळू दबतं आणि स्क्रू सैल होतो.

जुनं फिमेल हेडर उपटलं. त्या जागी एक्सएच चार पिनांचा लावलाय, डिस्प्लेच्या बाजूला वायरी थेट सोल्डर, म्हणजे डिस्प्लेच्या क्रमाचा घोळ त्या केबलमध्येच निस्तरायचा, बोर्डाला हात लावायचा नाही. बदली डिस्प्ले कालच आला. ह्या वेळी पाकीट न फोडताच भिंगातून पिनांवरची अक्षरं वाचली. जीएनडी, व्हीसीसी, एससीएल, एसडीए. म्हणजे जुन्या हेडरवर तो जसाच्या तसा चालला असता.