"भाई, यात तुमचा काय फायदा?"

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या आडतीवर बसणाऱ्याला वर्षभर एकच प्रश्न ऐकावा लागतो: "भाई, विकू का ठेवू?" द्राक्षं शेडमध्ये वाळली, रॅक झाडले, माल धुऊन-निवडून पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरला की तो कोल्ड स्टोअरेजला जातो. तिथून पुढं शेतकऱ्याच्या हातात एवढा एकच निर्णय उरतो. बाहेरच्यांना वाटतं, भाव बघायचा आणि विकायचं. पण यार्डात ज्याला विचाराल त्याचं पोट एकेका उत्तरावर चालतं. माल पडून राहिला की कोल्डवाल्याचं भाडं वाढतं, म्हणून तो "थांबा" म्हणतो. खरेदीदाराचा माणूस "नवा माल येतोय, काढून टाका" म्हणतो. आडत्याची आडत, म्हणजे दलाली, सौदा झाल्यावरच निघते. आणि छाटणीला, औषधाला ज्यानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते, त्याला आपले पैसे मोकळे करून हवे असतात. हा उचल देणारा बहुतेक वेळा आडत्याच असतो. म्हणजे मीच.

दिवाळी होऊन गेली होती. जत तालुक्यातले एक बागायतदार, त्यांना मी तात्या म्हणतो, सुनेला घेऊन दुकानी आले. वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा आहे. चारशे बॉक्स कोल्डमध्ये होते, आणि उचल माझी.

मी आधी माल बघतो, मग बोलतो. बॉक्स फोडला की वरच्या थरावर मी कधीच जात नाही, तो सगळ्यांचाच हिरवागार असतो. हात मनगटापर्यंत खाली घालायचा, तळातली मूठ काढायची, दाबून सोडायची. दाणे सुटे झाले तर ठीक. गोळा राहिला तर ओल आहे, आणि तो माल टिकणार नाही. मग दाणा उजेडात धरून त्यावर लालसर झाक चढतेय का ते बघायचं. हे मला अब्बांनी शिकवलं, आणि शिकवताना दरवेळी ते एक हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, सांगायचे. पैगंबर साहेब बाजारात धान्याच्या ढिगापाशी थांबले, हात आत घातला, तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. ते म्हणाले, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो माझा नाही. सहीह मुस्लिम या हदीसच्या संग्रहात हे आहे. सौद्यात मुठी भरभरून दाणा उधळणारे खरेदीदार बघितले की मला याचीच आठवण होते. माल तपासायला एक मूठ पुरते. बाकीची उधळण शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या कष्टाची माती करते, आणि ती बंद करा म्हणणाऱ्यालाच यार्डात वेडा ठरवतात.

तात्यांचा माल चांगला होता, पण झाक चढायला लागली होती. जानेवारी सरला की नवा माल येतो, मग याला 'जुना' म्हणून मागणार. मी म्हणालो, "तात्या, काढा सगळा."

सुनेनं वही उघडली. कोल्डचं भाडं, उचलीची रक्कम, सगळं तारीखवार लिहिलेलं. तिनं मान वर केली आणि विचारलं, "भाई, यात तुमचा काय फायदा?"

दुकानात पाच-सहा माणसं होती. तात्या ओशाळले. "अगं, आसं इचारत्यात व्हय?"

मला राग आला नाही. इतक्या वर्षांत कोणी हे विचारलं कसं नाही, याचंच नवल वाटलं. मी सगळं सांगितलं. सौदा झाला की माझी आडत निघते. उचल वसूल होते. शिवाय त्याच आठवड्यात मला एकाचं देणं भागवायचं होतं, तेही सांगितलं. मग म्हणालो, "एवढं मनात धरा आणि माझा सल्ला ऐका. तरीही मी काढाच म्हणतो."

ज्याचा सल्ला मागितला जातो त्याच्याकडे अमानत, म्हणजे विश्वासानं दिलेली ठेव, सोपवलेली असते, असं हदीसमध्ये आहे. विचारणाऱ्याचा धर्म कोणता, ही अट त्यात नाही. जरीर बिन अब्दुल्लाह या सहाबींची, म्हणजे पैगंबर साहेबांच्या एका सोबत्याची, गोष्टही अब्बा सांगायचे. त्यांच्या माणसानं तीनशे दिरहमला घोडा ठरवला. जरीर मालकाकडे गेले, म्हणाले तुझा घोडा यापेक्षा मोलाचा आहे, आणि शंभर-शंभरनं चढवत आठशेला घेतला. ती परीक्षा अवघड खरी, पण तिथं खरं बोलण्यात स्वतःचं नुकसान उघड दिसत होतं. माझ्यापुढं उलटं होतं. सल्ला बरोबर होता आणि त्यात माझाच फायदा होता. नुकसान सोसून खरं बोललं की नियत साफ असल्याची निदान खात्री तरी पटते. फायदा असताना ती कशावरून पटवायची?

त्यांनी निम्मा माल काढला, निम्मा ठेवला. शेजारच्या गाळ्यातले आडते संध्याकाळी येऊन म्हणाले, "भाई, शेतकऱ्यापुढं असं पोट उघडं करायचं नसतं. उद्या सगळेच विचारतील." विचारू देत की. सगळ्यांनी विचारलं तर यार्डातले निम्मे सल्ले बंद पडतील, आणि त्यात कोणाचंही वाईट होणार नाही.

उरलेला निम्मा त्यांनी तात्यांच्या भावाच्या सल्ल्यानं रमजानच्या मागणीसाठी राखला आणि तासगावला दुसऱ्या आडत्याकडं विकला. किलोमागे वीस रुपये जास्त मिळाले. इमाम गज़ाली या जुन्या धर्मपंडितांनी 'इह्या' या ग्रंथात एक कसोटी दिली आहे. दुसऱ्याला सुधारायला निघालेल्यानं स्वतःला विचारावं: हा माणूस माझ्या बोलण्यानं सुधारण्याऐवजी आपणहून किंवा दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं सुधारला, तर मला ते जास्त आवडेल का? बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मला माहीत आहे. गेलेली आडत आली. मग माझा अंदाज चुकला हे आलं. तात्यांच्या घरात पैसे जास्त आले याचा आनंद तिसरा आला. आला नक्की, पण तिसरा.

आणखी एक गोष्ट मला जास्त छळते. त्या दिवशी दुकानात बसलेल्यांनी ही हकीकत यार्डभर केली. "भाई सगळं उघड सांगतो" म्हणत दोन-तीन नवे शेतकरी आले. ते मला आवडलं. सहीह मुस्लिममध्येच अबू हुरैरा रजि. या सहाबींनी सांगितलेली हदीस आहे: कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सगळ्यात आधी होईल त्यांत एक आलिम, म्हणजे धर्माचा विद्वान, असेल. तो अल्लाहला म्हणेल, मी तुझ्यासाठी इल्म, म्हणजे धर्माचं ज्ञान, शिकलो, शिकवलं. त्याला सांगितलं जाईल, खोटं. लोकांनी तुला आलिम म्हणावं म्हणून केलंस, आणि तसं म्हटलं गेलं. हिशोब तिथंच मिटतो. फायदा लपवणं ही फसवणूक आहे हे मला पटलेलं आहे. पण तो उघड सांगितल्याबद्दल नाव मिळू लागलं, तर तेही माझ्या आडतीतच जमा होतं ना?

जामे मशिदीत एका मौलानांना विचारलं. ते म्हणाले, लोकांच्या कौतुकाच्या भीतीनं चांगलं काम सोडणं हाही लोकांकडंच बघणं झालं, चालू ठेवा. तेव्हापासून सल्ल्याच्या आधी उचल आणि आडत सांगतो, चारचौघांतच सांगतो, कारण बाकीच्यांनाही विचारायचा धीर यायला हवा. कोणी वाहवा करायला लागलं की मी त्याला मालाचं विचारतो. एवढ्यानं भागतं का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.