आधी अंदाज लिहायचा

आज वर्गातले तक्ते उतरवले. प्रत्येक तक्त्यावर दोनच रकाने: ‘मला वाटतं’ आणि ‘झालं काय’. उतरवता उतरवता वाचत बसले आणि संध्याकाळ झाली.

आमची शाळा लहान, एका खोलीत दोन-दोन इयत्ता. यंदा उपक्रम कुठलाही असो, हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा, खाली नाव घालायचं, एवढा एकच नियम ठेवला. नुसतं ‘बघा हं, काय होतं ते’ म्हटलं की अर्धी मुलं बघतात. पण आपलं नाव घालून काहीतरी लिहिलेलं असलं, की काय होतंय ते बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

बियांचा तक्ता सगळ्यात मळलेला, कारण त्याच्याभोवती सतत गर्दी असायची. काचेची बरणी, आत ओला टिपकागद, कागद आणि काच यांच्या मधोमध वालाच्या बिया: एक सरळ, एक आडवी, एक उलटी. उलट्या बीचं मूळ वर जाणार, असं बहुतेकांनी लिहिलेलं. मूळ फुटलं आणि वळसा घेऊन खाली निघालं. मग आम्ही बरणीच आडवी करून ठेवली. पुढच्या दोन दिवसांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळलं, कोपरात हात दुमडावा तसं.

“त्याला डोळे नाहीत, मग खाली कुठे ते कळतं कसं?” दुसरीतल्या एका मुलीने विचारलं. मुळाच्या टोकावरच्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात ती खालची बाजू, हे मुळाला त्यावरून कळतं. एवढं सांगून मी थांबले. तिसरीतला एक मुलगा उठला, बाटलीत पाणी आणि वाळू घेऊन आला आणि बाटली तिरकी करून तिला म्हणाला, “हे बघ, वाळू कुठे गेली?” वर्षभरातलं सगळ्यात सुंदर शिकवणं ते होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं.

वजाबाकीला मात्र वेळ लागला. ४२ वजा १७. अंदाजाच्या रकान्यात कितीतरी जणांचे ३५. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मुलांच्या दृष्टीने यात काहीच चुकीचं नाही, लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. फळ्यावर ‘हातचा’ कितीही वेळा लिहिला तरी हे हलत नाही. काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या आणि म्हटलं, सतरा काढून द्या. दोन सुट्या दिल्या, एक गठ्ठा दिला, आता अजून पाच हव्यात. एक मुलगी गठ्ठ्याच्या रबरबँडकडे बघत राहिली, मग विचारलं, “सोडू का?” सोड म्हटलं. उरल्या २५. तिने आपल्या ३५ वर काट मारली नाही, शेजारी लिहिलं, ‘गठ्ठा सोडावा लागतो’. तो तक्ता मी घडी घालून जपून ठेवला आहे.

पावलांनी खोली मोजली तेव्हा प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, आणि सगळ्यांना चालेल असं एकच माप का लागतं ते आपोआप निघालं. फ्रान्समध्ये १७९१ साली ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं ठरवलं गेलं, हे ऐकून चौथीची मुलं चकित झाली. पृथ्वी मोजायला कोण गेलं होतं, हा प्रश्न त्यांनी आठवडाभर सोडला नाही.

सावलीची काठी अजून अंगणात आहे. बाराला सावली सगळ्यात लहान, असं सगळ्यांनी लिहिलं होतं, पण घड्याळातले बारा आणि सूर्याची मध्यान्ह एकाच वेळी येतीलच असं नाही. तो तक्ता अर्धा राहिला. ढग आडवे आले, मग परीक्षा. पुढच्या वर्षी ऋतूंप्रमाणे महिन्यातून एकदा तरी खुणा करायच्या आहेत.

पहिलीच्या मुलांना लिहिता येत नाही, म्हणून ती यंदा या सगळ्यात मागे राहिली. त्यांना अंदाजाचं चित्र काढायला सांगायचं. रकाने तेच, फक्त चौकटी मोठ्या आखायच्या.