बरं, मग?

आई मेथी निवडत बसली होती तेव्हा मी तिला बेडकावरचा एक हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी कविता, वाचून दाखवली. जुनं तळं, बेडूक आत उडी मारतो, पाण्याचा आवाज. तिने एक काडी मोडली, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, मग?"

"मग काही नाही. झाली."

"अगं, पण बेडूक एक होता की बरेच?"

मला हसू आलं. पण नंतर वाचायला घेतलं तर लक्षात आलं, की आईने भाजी निवडता निवडता विचारलेला हा प्रश्न भल्याभल्यांनी विचारून झालेला आहे. मात्सुओ बाशो या जपानी कवीने हे तीन तुकडे लिहिले १६८६ साली. 'फुरु इके या, कावाझु तोबिकोमु, मिझु नो ओतो.' जपानीत नामाला बहुधा वचन नसतं, क्रियापदालाही नसतं. त्यामुळे तळ्यात उडी मारणारा बेडूक एक की दहा, हे कविता सांगतच नाही. लाफ्कादिओ हर्न या लेखकाने ही कविता इंग्रजीत आणताना अनेक बेडूक घेतले, बाकी बहुतेकांनी एकच ठेवला.

आपली गंमत अशी, की 'बेडूक' हा शब्दही एकाला आणि दहांना तोच. पण क्रियापद चहाडी करतं. मारतो की मारतात, सांगावंच लागतं. क्रियापद गाळून 'बेडकाची उडी' म्हणावं, तर तिथे एक अनुस्वार दबा धरून बसलेला असतो: बेडकाची की बेडकांची? मी आईला सहज 'मारतो' म्हणून गेले होते. म्हणजे बाकीचे सगळे बेडूक मीच तळ्याकाठून हाकलून दिले होते, आणि मला पत्ताही नव्हता.

दुसरा घोटाळा ऋतूचा. आपला बेडूक पावसाचा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तात पहिल्या पावसानंतर बेडूक ओरडू लागतात ते मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांसारखे. तेव्हापासून त्याने आषाढ सोडलेला नाही. जपानी कवितेत बेडूक आला की वसंत आला. आणि तिथेही तो गाणाराच. शेकडो वर्षं कवींनी त्याला गायला लावलं. बाशोचा बेडूक मात्र गात नाही, सरळ उडी टाकतो. त्या काळच्या वाचकाला हा धक्का आपोआप कळत असणार. आपल्याला तो समजावून घ्यावा लागतो, आणि समजावून घेतलेला विनोद जितपत हसवतो तितपतच तो पोचतो.

हायकू एवढा छोटा का, याचं उत्तर मला इथे सापडलं. बाकीचं वाचकाच्या घरी आधीपासून असतं. जपानीत ऋतूचे शब्द गोळा केलेले कोश आहेत, 'साइजिकी' म्हणतात त्यांना. त्यांच्या हिशेबाने नुसतं 'फूल' म्हटलं की ते चेरीचं, वसंतातलं. नुसता 'चंद्र' म्हटला की तो शरदातला. दुसऱ्या ऋतूतला हवा असेल तर तसं वेगळं सांगायचं. हे मात्र आपल्याला परकं नाही. बाशोची एक कविता आहे: पौर्णिमेचा चंद्र, आणि तळ्याभोवती रात्रभर फेऱ्या. ही मी आईला वाचली तेव्हा ती "बरं, मग?" म्हणाली नाही. "कोजागिरीची दिसतेय," म्हणाली. तिथी नेमकी तीच नसेल, पण आगेमागेच.

अक्षरांचं प्रकरण त्यामानाने किरकोळ, तरी त्यावर फार घाम गाळला जातो. तीन ओळींत पाच-सात-पाच. मीही बोटांवर मोजत बसायचे. मग कळलं, की जपानी माणूस आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. तोक्यो हे शहर त्याच्या कानाला चार तुकड्यांचं, कारण दोन्ही 'ओ' दीर्घ. म्हणजे ही तर आपली मात्रांचीच मोजणी, लघू एक आणि गुरू दोन! या हिशेबाने एकट्या 'बेडूक'च्याच पाच होतात. पहिली ओळ बेडकानेच खाल्ली. सतरा मात्रा म्हणजे पादाकुलक या मात्रावृत्ताच्या एका चरणाहून जेमतेम एक जास्त. मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै यांनी सतराचा हट्ट धरला नाही, हे बरंच केलं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते कोबायाशी इस्साच्या माशीने. इस्सा हा १७६३ ते १८२८ मधला जपानी कवी, माश्या, पिसवा, गोगलगायी यांच्याशी घरच्यासारखं बोलणारा. तो म्हणतो, अरे, मारू नकोस, माशी हात चोळतेय, पाय चोळतेय. तिकडे हात चोळणं म्हणजे गयावया करणं. इकडे हात चोळत बसतो तो संधी हुकलेला माणूस. माझी माशी उगाच पस्तावलेली दिसायला लागली. आठवडाभर मी तिच्यामागे होते. शेवटी आईच चहाच्या कपावर बसलेली माशी वारत म्हणाली, "मग हातापाया पडतेय म्हण की."

हातापाया पडतेय! हात आले, पाय आले, विनवणीही आली. पण मग ती हात चोळणारी, प्रत्यक्ष ओट्यावर दिसणारी माशी गेली. चित्र ठेवावं की अर्थ, हे अजून माझं ठरलेलं नाही. वहीत दोन्ही आहेत.

चियो-नीच्या फुलाने त्यामानाने त्रास दिला नाही. अठराव्या शतकातली ही जपानी कवयित्री सकाळी विहिरीवर जाते, तर वेलीने पोहऱ्याला विळखा घातलेला. ती वेल तोडत नाही, शेजारून पाणी मागून आणते. त्या फुलाचं जपानी नाव 'आसागाओ', म्हणजे सकाळचा चेहरा. आपल्या गारवेलीच्या जातीतलं. हे ऐकून आई म्हणाली, "आमच्याकडे पोहरा कोणी तासभर नुसता ठेवला असता तर ना!"

एवढं वाचल्यावर हात शिवशिवणारच. माझे पहिले प्रयत्न सांगण्यासारखे नाहीत. दोन ओळी ठीक उतरायच्या, तिसऱ्या ओळीत जीवन यायचं. पान गळालं, पाणी हललं आणि जीवन असंच. याचं खापर मी अभंगांवर फोडते. 'तुका म्हणे' आलं की आता कान देऊन ऐकायचं, ही सवय आपल्या हाडीमासी आहे. तुकोबांना ते शोभतं. पण 'बाशो म्हणे' असं कुठे नाहीच. बेडूक पाण्यात पडतो आणि बाशो गप्प बसतो. हे गप्प बसणं मला जमेना. शिवाय माझ्या कागदावर चेरीही फुलायला लागली होती. चेरी मी आजवर फक्त केकवर पाहिली आहे.

मग परवा संध्याकाळी आभाळ एकदम भरून आलं. धूळ उडाली, कोणाची तरी खिडकी आपटली आणि आम्ही दोघी गॅलरीत धावलो. ओढाताण करून कपडे आत आणले, तोवर सरी सुरू झाल्या. दारातून मागे पाहिलं. लिहून काढलं:

वळीव आला
दोरीवर राहिला
एकच मोजा

अक्षरं पाच-सात-पाच भरली, मात्रांचं विचारू नका. जीवन कुठेही आलं नव्हतं. मी पावसाकडे बघणाऱ्या आईला वाचून दाखवलं. ती काही बोलेना. मला वाटलं, आता येणार "बरं, मग?"

"आणि दुसरा?" आई म्हणाली, आणि पलंगावरच्या कपड्यांच्या ढिगाकडे वळली.